कारळ्यावरचे हिवाळी पाहुणे

ऑक्टोबर लागला की न्यू जर्सीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत दाराशीच पक्ष्यांच्या खाद्याच्या पिशव्यांची थप्पी लागते. सूर्यफूल असते, मका असतो, करडई असते आणि या सगळ्यांहून महाग अशी एक लहान पिशवी असते. तिच्यात काळे, चकचकीत, बारीक आणि लांबट बी. पिशवीवर ‘नायजर’ असे नाव आणि एका पिवळ्या पक्ष्याचे चित्र. मराठी घरात वाढलेल्या माणसाने हे बी तळहातावर घेतले तर त्याला ते कोणी सांगावे लागत नाही. ते आपले कारळे. अकोले, इगतपुरी, जव्हारकडच्या उतारांवर पावसाळा सरताना जे पिवळेधमक फुलते, ज्याला त्या भागात खुरासणी म्हणतात, ज्याचे तेल तिथल्या आदिवासी घरांत स्वयंपाकाला वापरतात आणि ज्याची लसूण-मिरची घालून कुटलेली चटणी आपण भाकरीबरोबर खातो, तेच हे बी. अमेरिकेत विकले जाणारे कारळे जवळजवळ सगळे बाहेरून येते; इथिओपिया, भारत आणि म्यानमार हे त्याचे मोठे पुरवठादार. त्यात अमरवेलीसारख्या उपद्रवी तणांचे बी मिसळलेले असण्याची धास्ती असते, म्हणून ते आधी चांगले तापवून निर्जीव करतात आणि मगच बाजारात सोडतात.

पिशवीवरचा पिवळा पक्षी म्हणजे अमेरिकन गोल्डफिंच, १९३५ पासून न्यू जर्सीचा राज्यपक्षी. त्याला कारळे आवडते याचे कारण वनस्पतींच्या कुळात आहे. रानात तो मुख्यतः काटेरी थिसल, अ‍ॅस्टर, कोनफ्लॉवर यांच्या बियांवर जगतो. ही सगळी सूर्यफुलाच्या कुळातली झाडे आणि कारळेही त्याच कुळातले. दाणा लहान, साल पातळ आणि आत भरपूर तेल. ते सोलायला बारीक, टोकदार चोच लागते आणि ती गोल्डफिंचकडे आहे. सह्याद्रीच्या उतारावर पिकलेला दाणा बर्फात बसलेल्या बारा-पंधरा ग्रॅमच्या पक्ष्याला रात्र काढायला उपयोगी पडतो, ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते. हे पुस्तक मराठीत लिहावे असे वाटू लागले ते तिथूनच.

अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात ओंटारियोच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी ते लिहिले आहे. नोव्हेंबर ते एप्रिल ही मंडळी बहुतेक वेळ काचेच्या आत असतात. इथल्या हिवाळ्याविषयी आपल्या लोकांच्या बोलण्यात फावडे, मीठ, हीटरचे बिल आणि चार वाजता पडणारा अंधार एवढेच येते. त्याच काचेबाहेर उत्तरेच्या अरण्यातून आलेले पक्षी उतरतात, हे अनेकांना वीस-वीस वर्षे राहूनही ठाऊक नसते. फीडर टांगला की ते दिसू लागतात. फीडर कशासाठी टांगायचा, याबद्दल मात्र मला सुरुवातीलाच थोडे स्पष्ट बोलायचे आहे.

पाखरांना दाणे घालणे हे आपल्याकडे पुण्याचे काम. अंगणात मूठभर ज्वारी टाकणारी आजी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे आणि त्या हाताविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण दाणा टाकला की पक्ष्याचे भलेच होते, हे गृहीत धरता येत नाही. २०२५ मध्ये मुंबईत कबुतरखान्यांवरून जो वाद पेटला त्यात हा प्रश्न रस्त्यावर आला : कोणाला खायला घालतो आहोत, किती, कुठे, आणि त्याचा परिणाम कोणावर होतो? इथल्या परसातही तेच विचारावे लागते. शिवाय या पक्ष्यांना आपली गरज असते, हा समजही बराचसा चुकीचा आहे. मार्गारेट ब्रिटिंगहॅम आणि स्टॅन्ली टेंपल यांनी विस्कॉन्सिनमध्ये चिकडी या छोट्या पक्ष्यावर केलेला अभ्यास या विषयात सतत सांगितला जातो. तिथल्या चिकडींना रोजच्या अन्नाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्साच फीडरवरून मिळत होता. बाकीचे त्या रानातून मिळवत. वर्षानुवर्षे भरलेले फीडर काढून घेतल्यावरही त्या पक्ष्यांचे जगण्याचे प्रमाण, कधीच फीडर न पाहिलेल्या पक्ष्यांपेक्षा कमी झाले नाही. कडाक्याच्या थंडीत मात्र फीडरचा फायदा स्पष्ट दिसला. चिकडी फिंचच्या कुळातली नाही, पण त्याच थंडीत, त्याच झाडांवर जगते. तेव्हा फीडर हा पक्ष्यावर केलेला उपकार समजू नये. त्याच्यामुळे पक्षी आपल्या नजरेच्या टप्प्यात येतो. ही सोय आपली असते आणि तिची जबाबदारीही आपली.

आता पाहायचे कोणाला, ते सांगते.

गोल्डफिंचला पहिली जागा. उन्हाळ्यात नर लिंबासारखा पिवळा असतो, कपाळावर काळा टिळा. हिवाळ्यात तोच पक्षी समोर बसला तरी नवखा माणूस ओळखत नाही, कारण वर्षातून दोनदा पिसे बदलणाऱ्या या पक्ष्याने शरद ऋतूत मातकट, ऑलिव्ह छटेची दाट पिसे चढवलेली असतात. काळे पंख आणि त्यांवरचे फिकट पट्टे तेवढे कायम राहतात. ओळख तिथूनच पटवायची. ‘तो पिवळा पक्षी थंडीत कुठे जातो?’ असे मला नेहमी विचारतात. काही उत्तरेकडचे खाली सरकतात, पण न्यू जर्सीत तो वर्षभर असतो, रंग टाकून. मार्च-एप्रिलमध्ये फीडरवर जे ठिपक्याठिपक्यांचे, अर्धे मळके अर्धे पिवळे नर दिसतात ते मला भर उन्हाळ्यातल्या झळाळत्या नरापेक्षा जास्त आवडतात. कारण एक अख्खे स्थित्यंतर आठवड्या-आठवड्याने डोळ्यांसमोर घडत असते.

त्याच्या थंडी सोसण्याच्या ताकदीवर मिशिगनमध्ये विल्यम डॉसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केले. हिवाळ्यातला गोल्डफिंच प्रयोगशाळेतल्या उणे ७० अंश सेल्सियसच्या थंडीतही काही तास स्वतःच्या देहाचे तापमान टिकवतो. उन्हाळ्यात पकडलेल्या त्याच जातीच्या पक्ष्याला ते तासभरही जमत नाही. पिसांच्या दाटपणाने एवढा फरक पडत नाही. त्याच्या देहाची चरबी साठवण्याची आणि ती जाळत रात्रभर थरथरत राहण्याची सगळी व्यवस्थाच ऋतूप्रमाणे बदललेली असते. दिवस मावळायच्या आधीच्या तासाभरात फीडरवर जी झुंबड उडते तिचा अर्थ यातून कळतो. रात्र चौदा तासांची आणि जाळण झोपण्यापूर्वीच गोळा करायचे असते.

गोल्डफिंचचे आणखी एक वेगळेपण हिवाळ्यात दिसत नाही, तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. बाकीचे पक्षी वसंतात घरटी बांधतात तेव्हा हा थांबून राहतो. थिसलला बी आणि म्हातारीचा कापूस धरला की जुलै-ऑगस्टमध्ये घरटे बांधतो. कापूस अस्तराला, बी पिलांना. बहुतेक बीभक्षक पक्षीसुद्धा पिलांना किडे भरवतात, हा बहुतांशी बियाच भरवतो. त्यामुळे काउबर्ड या पक्ष्याने, आपल्या कोकिळेच्या रीतीने, त्याच्या घरट्यात अंडे टाकले तर पिलू बाहेर येते, पण त्या आहारावर ते सहसा जगत नाही.

दुसरा पाइन सिस्किन. अंगभर तपकिरी रेघा, चोच सुईसारखी आणि पंख उघडले की पिवळ्या रंगाची एक चमक. आकाराने गोल्डफिंचएवढाच, स्वभावाने भांडकुदळ. तिसरा हाउस फिंच, ज्याच्याविषयी पुढे सविस्तर बोलायचे आहे. त्याच्या नराला कपाळावर आणि छातीवर लाल रंग, पोटावर पुसट रेघा. त्याच्याशी हमखास गल्लत होतो तो पर्पल फिंच. त्याच्या नराचा गडद गुलाबी रंग डोक्यावरून पाठीपर्यंत पसरलेला असतो आणि मादीच्या डोळ्यावर ठळक पांढरी भुवई असते. शिवाय क्वचित, काही हिवाळ्यांतच, रेडपोल : कपाळावर लाल ठिपका, हनुवटी काळी, चोच इवलीशी पिवळी. ध्रुवप्रदेशालगतचा हा पक्षी घशातल्या पिशवीत बिया भरून आडोशाला नेतो आणि तिथे सावकाश सोलून खातो. फारच थंडी पडली तर बर्फात बोगदा करून त्यात झोपतो. जुन्या पुस्तकांत त्याच्या तीन जाती दिलेल्या दिसतील. २०२४ मध्ये अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञांच्या संस्थेने त्या एकाच जातीत विलीन केल्या, म्हणून या पुस्तकात रेडपोल एकच आहे.

आपल्याकडे पिंजऱ्यात विकल्या जाणाऱ्या मुनियांना दुकानदार सर्रास फिंच म्हणतात. त्या वेगळ्या कुळातल्या. खऱ्या फिंचच्या कुळातला रोजफिंच हिवाळ्यात महाराष्ट्रात उतरतो, तेव्हा सुटीत गावी गेलात तर बांबूच्या आणि रानगवताच्या बियांवर त्याला जरूर शोधा.

रेडपोल आणि सिस्किन काही वर्षी झुंडीने येतात आणि काही वर्षी एकही दिसत नाही. यामागचे कारण समजले की फीडरकडे पाहण्याची नजरच बदलते. कॅनडाच्या उत्तरेला सलग पसरलेले स्प्रूस, बर्च, पाइनचे अरण्य आहे. ही झाडे दरवर्षी सारखे बी धरत नाहीत. एखाद्या वर्षी शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यातली झाडे एकाच वेळी फळांनी लगडतात आणि पुढच्या वर्षी जवळजवळ रिकामी राहतात. आपल्या सह्याद्रीत कारवी सात-आठ वर्षांनी एकदम फुलते त्याच जातीची ही किमया आहे. फक्त इथे वर्षांचा हिशेब ठरलेला नसतो, तो हवामानावर झुलतो. भरघोस वर्षी पक्ष्यांची वीण वाढते. पाठोपाठ रिकामे वर्ष आले की ती वाढलेली संख्या अन्नाच्या शोधात दक्षिणेला लोटते. ठरावीक वेळी ठरावीक वाटेने होणारे स्थलांतर वेगळे आणि हे वेगळे. यात दिशा आणि अंतर दोन्ही अन्न ठरवते.

रॉन पिटवे या ओंटारियोतल्या पक्षीनिरीक्षकाने याच्यावरून अंदाज बांधायला सुरुवात केली. उन्हाळ्याच्या अखेरीस ठिकठिकाणच्या जाणकारांकडून झाडांवरच्या शंकूंची आणि फळांची खबर गोळा करायची आणि कोणता फिंच कुठवर खाली येईल ते जाहीर करायचे. दोन दशके त्यांनी हे काम केले. २०२० पासून टायलर होअर ते पुढे चालवतात. दर शरदात या अंदाजाची वाट पाहणारे हजारो लोक आहेत आणि मी त्यांच्यातली एक. लांबच्या कुठल्या तरी दरीत स्प्रूसला बी धरले नाही, ही बातमी वाचून माझ्या परसातली तयारी ठरते. २०२०-२१ चा हिवाळा तर असा होता की उत्तरेकडच्या बहुतेक सगळ्या फिंच जाती एकाच मोसमात खाली उतरल्या. टाळेबंदीमुळे माणसे घरात होती आणि फीडरवर सिस्किनचे थवेच्या थवे.

पण त्याच हिवाळ्याने दुसरी बाजूही दाखवली. गर्दीने एकाच भांड्यावर खाणाऱ्या सिस्किनमध्ये साल्मोनेलाची साथ पसरली. पिसे फुगवून फीडरखाली सुन्न बसलेले, हात लावला तरी न उडणारे पक्षी लोकांना दिसू लागले. पश्चिम किनाऱ्यावरच्या राज्यांनी नागरिकांना काही आठवडे फीडर उतरवून ठेवायला सांगितले. रोग माणसांपर्यंतही आला; अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १२ राज्यांतल्या २९ रुग्णांची नोंद केली, त्यांतल्या १४ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले.

हाउस फिंचची कहाणी याहून लांब आहे आणि माझ्या मते फीडर टांगणाऱ्या प्रत्येकाने ती वाचली पाहिजे. हा मुळात पश्चिम अमेरिकेचा आणि मेक्सिकोचा पक्षी. न्यू यॉर्कच्या दुकानांत तो ‘हॉलिवूड फिंच’ या नावाने पिंजऱ्यात विकला जात असे. रानपक्ष्यांचा असा व्यापार १९१८ च्या कायद्याने गुन्हा ठरलेला होता. १९४० च्या सुमारास कारवाईची चाहूल लागताच लाँग आयलंडवर काही पक्षी सोडून देण्यात आले. त्या मूठभर पक्ष्यांची संतती पन्नास वर्षांत सगळ्या पूर्व अमेरिकेत पसरली. वस्तीतली झाडे, घरांचे कोनाडे आणि फीडर यांच्या आधारानेच. मग १९९३-९४ च्या हिवाळ्यात वॉशिंग्टन शहराच्या आसपास लोकांना फीडरवर डोळे सुजलेले, चिकटलेले हाउस फिंच दिसले. कोंबड्या आणि टर्की यांच्यात आढळणारा मायकोप्लाझ्मा हा जंतू त्यांच्यात शिरला होता. डोळे मिटलेल्या पक्ष्याला दाणा दिसत नाही, ससाणा दिसत नाही. काही वर्षांतच पूर्वेकडच्या पुष्कळ ठिकाणी त्यांची संख्या निम्म्यावर आली. थोड्याच पक्ष्यांपासून वाढलेल्या या संततीत आनुवंशिक विविधता कमी होती आणि त्यात फीडरवरची दाटी. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने लगेच लोकांना हाक दिली : निरोगी दिसले तेही लिहा, आजारी दिसले तेही लिहा. एका रानपक्ष्यातली साथ पहिल्या हिवाळ्यांपासून इतक्या बारकाईने नोंदली गेली ती घरोघरच्या खिडक्यांमधून.

अशा नोंदींची सवय या लोकांना आधीपासून होती. १९७६ मध्ये ओंटारियोतल्या लाँग पॉइंट पक्षी वेधशाळेने एरिका डन यांच्या पुढाकाराने फीडरवरच्या पक्ष्यांची हिवाळी गणना सुरू केली. कॉर्नेलच्या साथीने १९८७-८८ च्या हिवाळ्यात ती सगळ्या उत्तर अमेरिकेत पसरली. ‘प्रोजेक्ट फीडरवॉच’ हे तिचे नाव. नियम साधे आहेत. लागोपाठचे दोन दिवस निवडायचे. त्या दोन दिवसांत प्रत्येक जातीचे एका नजरेत एका वेळी जास्तीत जास्त किती पक्षी दिसले, तेवढाच आकडा लिहायचा. सकाळी आठ गोल्डफिंच आणि दुपारी बारा दिसले तर बारा. वीस लिहायचे नाहीत, कारण सकाळचे आठ त्या बारांत असू शकतात. काही दिसले नाही तर तेही लिहायचे. पुढची गणना किमान पाच दिवसांनी. या किरकोळ वाटणाऱ्या शिस्तीतून केवढे काही हाती आले! सिस्किनच्या वीस लाखांहून अधिक नोंदी तपासून २०१५ मध्ये संशोधकांनी दाखवले, की त्यांच्या झुंडी खंडभराच्या हवामानातल्या चढउतारांशी आणि त्यातून येणाऱ्या बियांच्या हंगामाशी बांधलेल्या आहेत. इव्हिनिंग ग्रोसबीक हा पिवळा-काळा, भरदार चोचीचा फिंच एकेकाळी थव्याने येऊन फीडर रिकामे करत असे. १९८८ ते २००६ या काळात तो नोंदवणाऱ्या ठिकाणांची संख्या निम्म्याने घटल्याचे याच गणनेतून २००८ मध्ये समोर आले. तो कमी झाल्याचे जाणवले सगळ्यांना असेल, पण ते सिद्ध करायला आकडे लागतात आणि ते आकडे स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभे राहून लिहिलेले होते.

साथींचा हा अनुभव आहे म्हणून या पुस्तकात ओळखीच्या प्रकरणाइतकीच जागा स्वच्छतेला दिली आहे. फीडर दर दोन आठवड्यांनी उतरवून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात बुडवून, धुऊन, पूर्ण वाळवून मगच भरावा. कारळ्यात ओल गेली की त्याला बुरशी धरते. कुबट वास आला तर तो माल फेकून द्यावा, महाग असला तरी. खाली साचलेल्या टरफलांचा थर झाडून काढावा. एकही आजारी पक्षी दिसला तर फीडर काढून ठेवावा. पक्षी उपाशी मरतील ही काळजी नको, विस्कॉन्सिनचा अभ्यास आठवावा. फीडर काचेपासून मीटरभराच्या आत किंवा दहा मीटरच्या पलीकडे असावा. मधल्या अंतरावरून उडालेला पक्षी काचेवर जोरात आदळतो. अमेरिकेत काचेवर आपटून मरणाऱ्या पक्ष्यांचा वर्षाचा अंदाज कोट्यवधींचा आहे. घरचे मांजर घरातच ठेवावे. कूपर्स हॉकने झडप घालून एखादा गोल्डफिंच नेला तर मुलांना तो प्रसंग लपवू नये. शिकारी पक्ष्यालाही हिवाळा काढायचा असतो.

मुलांचा उल्लेख आला म्हणून एक सुचवते. इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना रविवारच्या शाळेत मराठी बाराखडी शिकवताना आपण धडपडतो आणि ‘बोला काही तरी मराठीत’ म्हटले की संभाषण जेवणापलीकडे जात नाही. फीडरशी बसून पाहा. कोण आला, किती आले, रेघा आहेत का, चोच कशी आहे, कोणी कोणाला हुसकावले, हे सगळे मराठीत विचारता आणि सांगता येते, कारण समोर खरे काही तरी घडत असते. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी मुलांसाठी दिलेले प्रश्न त्यासाठीच आहेत. त्यांची उत्तरे पुस्तकात दिलेली नाहीत. ती खिडकीबाहेर शोधायची आहेत.

प्रकरणे महिन्यांप्रमाणे लावली आहेत. नोव्हेंबरमध्ये फीडर कोणता घ्यावा आणि कुठे टांगावा. डिसेंबरमध्ये पाच फिंचची ओळख. जानेवारी पूर्णपणे थंडीचा : पक्ष्याचे शरीर, चरबी, रात्र. फेब्रुवारीत रोग आणि स्वच्छता. हे प्रकरण कृपया फेब्रुवारीपर्यंत थांबून वाचू नये, फीडर टांगण्याआधीच वाचावे. मार्चमध्ये पिसांचा बदल, तर एप्रिलमध्ये निरोप आणि उत्तरेकडचा प्रवास. शेवटी रकाने आखलेली कोरी पाने आहेत. तारीख, तापमान, बर्फ किती, जात आणि एका वेळी दिसलेली सर्वांत मोठी संख्या. पेन्सिलीने लिहावे, शाई थंडीत गॅरेजमध्ये गोठते आणि आकडा दुपारपर्यंत वाढू शकतो.